पाचपुढे

मास्तरांचं आडनाव पाचपुढे नव्हतं. पण गावातले निम्मे ड्रायव्हर त्यांना पाचपुढे म्हणत आणि उरलेल्या निम्म्यांना ते आडनावच वाटे. एकदा तर एका ट्रकमालकाच्या घरून ‘श्री. पाचपुढे, मीटरवाले, सहकुटुंब’ अशी लग्नपत्रिका आली. बायकोनं ती हातात धरून विचारलं की आता मलाही नाव बदलून घ्यावं लागेल का. मास्तर म्हणाले, इतक्या वर्षांत स्वभाव बदलला नाहीस, आडनावाला कशाला त्रास देतेस. लग्नाला मात्र दोघंही गेली आणि पोटभर जेवून आली.

नाव पडलं होतं कामावरून. टायरवाला आणि बॅटरीवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात मास्तरांचं दुकान होतं. एक टेबल, त्यावर घडी घातलेली जुनी चादर, वरून टांगलेला, खाली-वर सरकणारा दिवा आणि भिंतीला खोक्यांची उतरंड. गाडीचा वेग दाखवणारा मीटर बिघडला की तो इथे यायचा. काटा उपसायला मास्तरांनी जुन्या चमच्याच्या टोकाला खाच पाडून हत्यार केलं होतं. बाजारात त्याहून चांगलं मिळत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि बाजारात ते कधी बघायला गेले नव्हते हेही खरं. मीटर आधी ते काटेकोर खरा करत. मग टेबलावर घेऊन काटा उपसत आणि पाच आकडे पुढे दाबून बसवत. गाडी चाळीसनं पळत असली तर काटा पंचेचाळीस दाखवायचा. बत्तीस वर्षांत त्यांच्या टेबलावर उघडलेला एकही मीटर याशिवाय बाहेर पडला नव्हता.

का, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. माणसाचा पाय जात्याच जड. काटा थोडं खोटं बोलला तर माणूस जरा खऱ्यावर येतो. ऐकायला हे छान वाटतं. पण मास्तरांच्याच स्वयंपाकघरात बायकोनं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावून ठेवलं होतं, आणि त्या घरात कुणीही कधीही कुठेही लवकर पोचलं नव्हतं, कारण घड्याळाकडे बघणारा प्रत्येक जण आधी पंधरा वजा करायचा. मास्तर त्या घड्याळाची यथेच्छ टिंगल करत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात तसं झालं; आपल्या टेबलावरून रोज तेच घड्याळ बाहेर पडतंय हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गावातले ड्रायव्हर केव्हाच शहाणे झाले होते. गाडी विकताना विकणारा घेणाऱ्याला बजावायचा, की मीटर मास्तरांच्या हातचा आहे, पाच कमी धर.

मास्तरांना एकच मुलगी. तिचा नवरा विजेच्या मनोऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत जीप चालवायचा. तारा ओढणारी माणसं आणि त्यांचं सामान घेऊन डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटांनी वर जायचं आणि संध्याकाळी खाली यायचं. माणूस मितभाषी, कामाला चोख. मास्तरांना तो मामा म्हणायचा आणि बस म्हटल्याशिवाय दुकानात बसायचा नाही. मास्तर त्याला जावईबापू म्हणत आणि अहोजाहो करत. दोघांचं एकमेकांवर मनापासून प्रेम होतं, पण सासरा-जावयाचं नातं असं की एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे समोरच्याला मठ्ठ म्हणण्यासारखं. मुलगा असता तर मास्तरांनी त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं असतं. जावयाशी ते बोलत तेव्हा शब्द मोजून बोलत, आणि तोही मोजूनच उत्तर देई.

त्या वर्षी कंपनीनं डोंगरातल्या जीपगाड्यांना मोठे टायर बसवले, खालचं पोट दगडांना घासू नये म्हणून. पोट वाचलं, मीटर बिघडला. म्हणजे तसा बिघडला नाही, फसला. मीटरला रस्ता कळत नाही, त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. बाप आणि लेकरू बरोबर चालताना लेकराची पावलं जास्त पडतात आणि बापाची कमी, तसं मोठ्या चाकाचं होतं. फेरे कमी म्हणून मीटरला वाटतं गाडी सावकाश चाललीय. जावयाची जीप साठवर असताना काटा चोपन्नच्या खाली घुटमळायचा. कंपनीनं फर्मान काढलं की ज्यानं त्यानं मीटर दुरुस्त करून आणावा, आणि सोबत एक छापील कागद दिला, मीटर करणाऱ्यानं सही करायला.

मास्तरांनी हे काम जावयाचं म्हणून केलं नाही, आपलं म्हणून केलं. टायरवाला, बॅटरीवाला आणि त्यांची दोन गिऱ्हाइकं अशी चार माणसं त्यांनी जीपमध्ये बसवली, कारण रिकामं चाक आणि ओझ्याखाली दबलेलं चाक सारखं नसतं. मग टायरवर खडूची रेघ मारून जीप गल्लीतून एक पूर्ण फेरा ढकलली आणि जमिनीवर फीत धरली. जुनं चाक एका फेऱ्यात दोन मीटर पंधरा सेंटिमीटर चालायचं, हे दोन मीटर चाळीस चाललं. बॅटरीवाला म्हणाला, मास्तर, सोयरीक जमवताना पण एवढं मोजलं नसेल. मास्तर म्हणाले, तेव्हा मोजायला तू नव्हतास.

हिशेब असा निघाला की गिअरबॉक्सातून मीटरची केबल जिथे निघते तिथलं एकोणीस दात्यांचं छोटं चाक काढून सतरा दात्यांचं घालायचं. सतराचं काही मिळेना. तिसऱ्या भंगारवाल्याकडे एका मोडक्या गाडीच्या पोटात ते सापडलं, तेव्हा दोन दिवस गेले होते. ते बसवून मास्तर आणि जावई सरळ रस्त्यावर गेले. जावयानं काटा साठवर धरायचा आणि मास्तरांनी किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ मोजायचा. पहिल्यांदा साठ सेकंद आले. दुसऱ्यांदा साठ. तिसऱ्यांदा हातातल्या घड्याळाचा काटा आणि दगड इतके एकदम आले की मास्तरांना आपण श्वास धरलाय हे तेव्हाच कळलं. दात्यांची चाकं बदलून असा हिशेब कधी तंतोतंत जमत नाही. एक-दोन आकडे इकडेतिकडे राहतातच. हा राहिला नव्हता.

दुकानी आल्यावर नेहमीप्रमाणे त्यांनी मीटर काढून टेबलावर घेतला. जावई बाहेर जीपला टेकून उभा होता. मास्तरांनी चमच्याचं हत्यार उचललं, काट्याखाली घातलं, आणि हात पुढे जाईना. इतकं खरं झालेलं आता खोटं करायचं, या विचारानं त्यांना कसंतरीच झालं. शेजारी तो कागद पडला होता. त्यावर एकच ओळ होती: वेगमापक अचूक आहे. बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना लेखी कुणी विचारला नव्हता. मास्तरांनी हत्यार खाली ठेवलं, मीटरवर काच बसवली, कडं दाबलं आणि कागदावर संपूर्ण नावानिशी सही केली. असली सही त्यांनी याआधी फक्त मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर केली होती.

मीटर जीपमध्ये परत बसवून झाल्यावर ते जावयाला म्हणाले, “मीटर अगदी बरोबर लावलाय.”

जावई हसला. “तुमचं बरोबर मला माहीत नाही का, मामा.”

मास्तरांना हे कौतुक वाटलं. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी ते बायकोला सांगितलंसुद्धा, की जावयाला कामातलं कळतं. त्या वाक्याचा दुसराही अर्थ होतो हे त्यांना तीन आठवड्यांनी कळलं.

तीन आठवड्यांनी सकाळी पंपघराच्या वळणावर, जिथे चाळीसची पाटी आहे, जावयाच्या जीपनं एका सायकलवाल्याला उडवलं. सायकलवाला बेकरीतला कारागीर. भट्टीचं काम आटोपून घरी निघाला होता आणि वळणावर रस्ता ओलांडत होता. जावयानं त्याला बघताक्षणी जीप बाजूला काढली, पण जीपचा पुढचा कोपरा सायकलच्या मागच्या चाकाला लागला आणि जीप पुढे जाऊन पुलाच्या कठड्यावर आदळली. गिअरबॉक्सचं कवच फुटलं, केबल तुटली, मीटरची काच फुटून काटा आत दबला आणि पंचेचाळीसवर अडकून बसला. जावयाचं मनगट मोडलं. सायकलवाला तिसऱ्या दिवशी गेला.

अपघाताच्या दिवशी मास्तर दवाखान्यात पोचले तेव्हा जावयाचा हात लाकडी पट्टीवर बांधलेला होता. त्यानं आधी सायकलवाल्याची चौकशी केली. मग मास्तरांकडे बघून म्हणाला, “मामा, मी पंचेचाळीसवर धरला होता काटा. म्हणजे चाळीसच ना?”

मास्तरांना गल्लीतलं ते वाक्य आठवलं, त्याचं हसणं आठवलं, आणि बरोबर या शब्दाचे आपल्या दोघांत दोन अर्थ होते हे त्या खाटेशेजारी उभं असताना कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण समोरचा माणूस वेदनेनं पांढरा पडला होता, उशाशी मुलगी उभी होती, आणि मास्तर म्हणाले, आधी तुम्ही बरे व्हा. एवढं बोलून ते पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर आले. जी गोष्ट पहिल्या मिनिटाला सांगितली नाही ती दहाव्या दिवशी सांगणं किती कठीण असतं, हे ज्यानं असं काही लपवलंय त्यालाच ठाऊक.

पुढच्या दिवसांत घरात एकाच आकड्यावर सगळ्यांचा जीव टांगून होता. वाहन खात्याची चौकशी लागणार होती. जीप मोडली होती, मीटर तपासून बघायला केबलच उरली नव्हती. काटा पंचेचाळीसवर अडकलाय एवढाच काय तो पुरावा. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस असेल तर वेगमर्यादा मोडून माणूस मारला असं होणार होतं, परवाना जाणार, नोकरी जाणार आणि पुढे खटला. आणि पंचेचाळीस म्हणजे मास्तरांचं पंचेचाळीस असेल, तर जावई चाळीसवर होता, पाटीवर लिहिलंय तितकाच. मग न बघता रस्ता ओलांडणाऱ्याची चूक. हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता. त्यानं सांगायचं होतं तेही नवं काही नाही, बत्तीस वर्षं सगळ्या गावाला तोंडपाठ असलेलंच.

ड्रायव्हर आपणहून दुकानात आले. सतरा जणांनी नावं दिली, की आम्ही येऊन सांगतो, यांचा प्रत्येक मीटर पाच पुढे असतो. टायरवाल्यानं त्यांची यादी केली. मास्तर सगळ्यांना चहा पाजत होते आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. लोकांना वाटलं, बिचारे खचलेत.

एका दुपारी दुकान बंद करून ते पंपघराच्या वळणावर गेले. पोलिसांच्या खडूच्या खुणा अजून होत्या. वळण उघडून समोरचा रस्ता दिसायला लागतो तिथपासून सायकलच्या खुणेपर्यंत त्यांनी फीत धरली. पंचवीस मीटर. पंचेचाळीसच्या वेगाला दोन सेकंद लागतात. चाळीसच्या वेगाला सव्वादोन. राहिलं पाव सेकंद. सायकल रमतगमत चालली तरी पाव सेकंदात पाऊण मीटर पुढे जाते. आणि जीप लागली होती ती सायकलच्या मागच्या चाकाला. मास्तरांनी हा हिशेब तीनदा केला. आयुष्यभर आकड्यांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता, त्याही दिवशी दिला नाही. ते कठड्यावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडले. एक बाई बादली घेऊन जाताना थांबली आणि काय झालं विचारू लागली, तेव्हा चक्कर आली असं सांगून ते उठले.

जावई आता मास्तरांच्याच घरी होता. मनगट जुळत आलं होतं, पण झोप उडाली होती. डोळा लागला की दचकून उठायचा. जेवताना घास हातात धरून मध्येच थांबायचा आणि मुलगी हलकेच त्याचा हात खाली करायची. दिवसातून एकदा तरी तो विचारायचा की चाळीसच होता ना, आणि मास्तर काही बोलायच्या आत मुलगी किंवा तिची आई म्हणायची, चाळीसच, त्यात काय शंका. तेवढ्यावर तो तासभर शांत असायचा. कुणी शांत व्हावं म्हणून सांगितलेल्या गोष्टीला मध्येच उठून खोटं म्हणायला जे काळीज लागतं ते मास्तरांकडे नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी बायको धुतलेला सदरा काढून ठेवत म्हणाली, “अहो, एक आकडा तर सांगायचाय. तो पण रोजचाच.”

मास्तर म्हणाले, हो, सांगतो. आणि हे ते मनापासून म्हणाले. त्यांनी ठरवलंच होतं. सही खोटी ठरेल, दुकानाची मान्यता जाईल, जाऊ दे. गावात नाहीतरी नव्या गाड्यांचे मीटर काट्याविनाच यायला लागले होते, किती दिवस हे चालणार होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण इथे निदान दात आपला जाणार होता, ओठ वाचणार होते.

वाहन खात्याच्या कचेरीत एक लांब खोली होती. टेबलामागे अधिकारी, त्याच्या डावीकडे कंपनीचा माणूस, उजवीकडे लिहून घेणारा कारकून. भिंतीशी एका बाकावर जावई, मुलगी, टायरवाला. दुसऱ्या बाकावर एकटा एक माणूस बसला होता. तो मेलेल्याचा थोरला भाऊ. तोही बेकरीतच होता. कोपराच्या घडीत पीठ राहून गेलं होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी कंपनीच्या माणसाचं ऐकलं. तो म्हणाला, आमच्या चालकानं नियम पाळला होता, या कारागिराच्या हातचे मीटर पाच पुढे असतात हे गावाला ठाऊक आहे, सतरा साक्षी आहेत. कारकुनानं वेळ वाचावा म्हणून निष्कर्ष आधीच लिहून ठेवला होता. तो त्यानं वाचून दाखवला: चूक मृत सायकलस्वाराची. फक्त मीटर करणाऱ्याचा जबाब तेवढा बाकी.

तेव्हा तो थोरला भाऊ उभा राहिला. त्यानं हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही.

“साहेब, मीटर पाच पुढे असेल तर माझा भाऊ चुकला. असंच ना?”

अधिकारी म्हणाला, साधारण तसंच.

“मग तसं लिहा. पण एकदा नीट विचारून लिहा. घरी आईला सांगायचंय मला.”

आणि तो बसला. अधिकाऱ्यानं तो सहीचा कागद मास्तरांपुढे सरकवला आणि विचारलं, की इथे तुम्ही अचूक असं लिहून सही केलीय, आणि गाव म्हणतं पाच पुढे. सही नुसती उपचार म्हणून केली होती का? यापेक्षा सोपा प्रश्न करता आला नसता. उत्तर प्रश्नातच घालून दिलं होतं, नुसती मान हलवायची होती.

मास्तरांच्या जिभेवर पाच पुढे हे शब्द तयार होते. पण त्यांना पंचवीस मीटर दिसत होते आणि मागचं चाक दिसत होतं. जिवंत माणसाबद्दल खोटं बोलावं, तो उद्या उठून भांडू तरी शकतो. जो आता काहीच बोलू शकत नाही त्याच्या नावावर आपली चूक कायमची लिहून टाकायची, हे त्यांच्याच्यानं होईना.

“मीटर बरोबर होता,” ते म्हणाले.

अधिकारी थोडासा हसला. “तुमचं बरोबर, की जगाचं बरोबर?”

“जगाचं. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस.” मग ते घाईघाईनं पुढे बोलायला लागले, की जावयाला हे माहीत नव्हतं, मी सांगितलं नाही, तो नेहमीप्रमाणे पाच कमी धरून चालला, त्याच्या हिशेबानं तो चाळीसवरच होता, चूक माझी आहे, माझी लिहा. कारकून अधिकाऱ्याकडे बघू लागला. अधिकारी म्हणाला, चालकानं काटा दाखवेल ते बघून चालवायचं असतं. कुणी मनात काय वजा केलं याला कागदावर रकाना नाही.

जावई मास्तरांकडे असा बघत होता की जणू त्यांनी परक्या भाषेत काही सांगितलंय. मुलगी उठली आणि त्याचा चांगला हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली. तो थोरला भाऊ जाताना मास्तरांपाशी क्षणभर थांबला आणि बाहेर पडला. बाहेर आल्यावर टायरवाला मास्तरांना म्हणाला ते एवढंच: “सहीला एवढं जपायचं होतं?”

त्या वेळी मास्तरांना कळलं की कुणाचाच विश्वास बसलेला नाही. बत्तीस वर्षं ज्यानं एकही मीटर खरा सोडला नाही, त्यानं नेमका हाच एक खरा सोडला, तोही जावयाचा, हे कोण खरं मानणार? गावानं सरळ हिशेब मांडला: सही खोटी ठरली असती तर दुकान गेलं असतं, म्हणून म्हाताऱ्यानं दुकान वाचवलं आणि जावई बुडवला. मास्तर ज्याला त्याला सांगायला लागले, मग त्यांनी सांगणं सोडलं. जितकं सांगावं तितकं ते जास्तच खोटं वाटत होतं. खोट्यावर गावानं इतकी वर्षं विश्वास ठेवला आणि खऱ्याला कुणी दारात उभं करेना.

जावयाचा परवाना गेला. कंपनीनं दुसऱ्याच आठवड्यात त्याला कमी केलं. खटल्याच्या तारखा पडू लागल्या. तो आणि मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेली. तो एका गोदामात पोती मोजायला लागला. मास्तरांची बायको त्यांना जेवायला वाढायची, ताट समोर ठेवायची आणि उठून दुसऱ्या खोलीत जायची. दुकान वाचवलं असं लोक म्हणत होते त्या दुकानात आता कुणी येत नव्हतं. टायरवाला मीटरचं गिऱ्हाईक परस्पर दुसरीकडे पाठवायचा, आणि ते मास्तरांना दिसेल असं पाठवायचा.

दोन महिन्यांनी एका दुपारी मुलगी दुकानात आली. मास्तर टेबलाशी नुसते बसले होते. त्यांनी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. तिनं खांद्यावरची पिशवी टेबलाच्या कडेला टेकवून धरली. वाळली होती. मास्तरांनी जावयाची चौकशी केली, तर म्हणाली, झोपत नाहीत.

मग जमिनीकडे बघत तिनं सांगितलं, की ते आता कुणावर रागावतही नाहीत. आधी म्हणायचे, मामांनी माझा घात केला. तेव्हा निदान दोन घास जेवायचे. आता म्हणतात, मामा खोटं बोलतील असं वाटत नाही. म्हणजे मी पंचेचाळीसवरच होतो. म्हणजे मीच मारला त्याला. उठून बसतात आणि हेच म्हणतात. परवा गोदामाच्या माळ्यावर कडेला नुसते उभे होते, हमालांनी खाली आणलं.

एवढं बोलून तिनं मान वर केली.

“बाबा, मी कुणाला सांगणार नाही. कचेरीत झालं ते झालं. पण खरं काय ते मला सांगा. पाच पुढे होता ना?”

गावात एकच माणूस उरला होता ज्याचा मास्तरांच्या खरेपणावर विश्वास होता, आणि तो त्या विश्वासानंच मरायला निघाला होता. नाही म्हटलं तर तो जाणार. हो म्हटलं तर तो झोपणार, आणि आपल्या बापानं एका सहीसाठी आपलं घर मोडलं हे ही पोर मरेपर्यंत मनात धरणार. तिसरं काही नव्हतं. त्यांनी शोधून पाहिलं, तेवढा वेळ तिनं दिला.

“होता,” ते म्हणाले.

“पाच पुढे?”

“पाच पुढे. नेहमीसारखाच.”

“मग तिथे का नाही सांगितलंत?”

“सही केली होती ना.”

लहानपणी ती याच टेबलाखाली बसून मोडक्या काट्यांशी खेळायची. मास्तरांना वाटलं, ती ओरडेल, निदान रडेल. ती त्यातलं काही करेना. तिनं पिशवी खांद्याला लावली.

“बरं झालं सांगितलंत,” ती म्हणाली. “आज झोपतील ते.”

मास्तर तिला पायरीपर्यंत सोडायला उठले. माहेरून निघताना ती कायम ‘येते’ म्हणायची. पाच वर्षांची असताना आईनं शिकवलं होतं, की निघताना कधी ‘जाते’ म्हणू नये. पायरी उतरून तिनं मागे बघितलं.

“जाते,” म्हणाली.